प्रवेश मार्चमध्ये, पैसा ऑगस्टमध्ये: मधल्या पाच महिन्यांचा हिशेब कोण देणार?

हर्सूल म्हटले की शहरातल्या लोकांना आधी जेल आठवते, मग तलाव. त्याच हर्सूलमध्ये, टी-पॉइंटपासून थोडे आत, एका विहाराच्या वरच्या खोलीत आमची अभ्यासिका चालते. वर पत्र्याचे छत, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीमाई. इथे बसणारी बहुतेक मुले एमपीएससी, पोलीस भरती, टीईटीची तयारी करतात. त्यांच्याही वाट्याला वाट पाहणे येतेच. जाहिरातीची, निकालाची, नियुक्तीपत्राची. पण यंदा या खोलीत आणखी एका प्रकारची वाट पाहणे सुरू आहे आणि तिच्याविषयी आपल्या समाजात अजून फारसे बोलले जात नाही.

आमच्यातल्या एका ताईने पब्लिक पॉलिसी म्हणजेच सार्वजनिक धोरण या विषयातील पदव्युत्तर प्रवेशासाठी चार ठिकाणी अर्ज केले आहेत. दोन परदेशात, दोन भारतात. वडील चिकलठाणा एमआयडीसीत कंत्राटी कामगार, आई घरी शिवणकाम करते. अर्थशास्त्रात बीए झाल्यावर ताईने दोन वर्षे ग्रामीण भागात रोजगार हमीच्या मजुरीवर काम केले. मजुरी वेळेवर का मिळत नाही, हे तिने मस्टर आणि बँक पासबुक शेजारी ठेवून शिकून घेतले. आता तिला हेच शास्त्रशुद्ध शिकायचे आहे.

मार्च लागल्यापासून ती रात्री फोन उशाला घेऊन झोपते. अमेरिकेत दुपार असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते आणि ईमेल तेव्हाच येतात. "तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, पोर्टल पाहा" एवढेच त्यात लिहिलेले असते. पासवर्ड टाकताना हात थरथरतो. सकाळी अभ्यासिकेत आली की सगळे एकच विचारतात, "ताई, आलं का काही?" तिला हा प्रश्न नको असतो आणि कोणी विचारले नाही तरी चैन पडत नाही.

एका मुलीची घालमेल सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. परीक्षेचा, मुलाखतीचा, निकालाचा ताण सगळ्यांनाच असतो. पण ज्या घरात पैशाची सोय आधीच झालेली असते, तिथे प्रवेशाचा होकार आला की वाट पाहणे संपते. आपल्या मुलांचे वाट पाहणे होकार आल्यानंतर सुरू होते. हा फरक नशिबाचा किंवा स्वभावाचा नाही. तो वेळापत्रकाचा आहे आणि वेळापत्रक माणसे बनवतात. आम्हाला बोलायचे आहे ते याविषयी.

सार्वजनिक धोरणच का?

"एवढे शिकून शेवटी कलेक्टर होणार का?" हा प्रश्न ताईला नातेवाइकांनी विचारला आहे. प्रश्न प्रामाणिक आहे. आपल्या समाजाने शिक्षण म्हणजे डॉक्टर, इंजिनिअर, वकील, प्राध्यापक आणि अधिकारी एवढीच यादी पाहिली. सार्वजनिक धोरण हा विषय त्या यादीत नव्हता.

पण मे 2025 आठवा. महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी रुपये आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटींहून अधिक रुपये 'लाडकी बहीण' योजनेसाठी महिला व बालविकास खात्याकडे वळवले गेले. त्यावर जाहीर नाराजी व्यक्त करणारे होते खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट. ते आपल्याच शहराचे आमदार आणि आपल्याच जिल्ह्याचे पालकमंत्री. खात्याची गरज नसेल तर खातेच बंद करा, इथपर्यंत ते बोलले. आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, समाजमाध्यमांवर लिहिले. पण या सगळ्यात एक प्रश्न मागे राहिला. पैसे वळवण्याचा आदेश निघण्यापूर्वी, अर्थसंकल्प मांडला जात असतानाच, कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम ठेवली आहे आणि ती कुठे सरकू शकते, हे वाचणारे आपले किती लोक होते?

अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी इतरत्र जाऊ नये म्हणून तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाने 2013 मध्ये कायदा केला, त्याच वर्षी कर्नाटकानेही केला. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी वर्षानुवर्षे होते आहे. कायद्याचा मसुदा कसा असावा, आंध्र-कर्नाटकच्या कायद्यांत कुठल्या पळवाटा राहिल्या, खर्च न झालेला निधी पुढच्या वर्षी नेण्याची तरतूद कशी लिहावी, ही घोषणा देण्याची कामे नाहीत. ही धोरण शिकलेल्या माणसाची कामे आहेत. आपण पिढ्यान् पिढ्या सरकारी कागदावर 'लाभार्थी' या रकान्यात बसलो. तो रकाना आखणाऱ्यांच्या टेबलावर आपली माणसे मोजकीच पोहोचली.

जी पोहोचली त्यांनी काय केले, हेही आपल्यासमोर आहे. डॉ. सुखदेव थोरात आपल्या नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, पुढे जेएनयूत गेले, 2006 ते 2011 या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणाऱ्या भेदभावाची चौकशी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली आणि 2007 मध्ये अहवाल दिला. एखाद्या नामांकित संस्थेतला जातीय भेदभाव सरकारी अहवालात नोंदला जाणे ही साधी गोष्ट नव्हती. नांदेडच्या वस्तीतून निघालेले डॉ. सूरज एंगडे हार्वर्डच्या केनेडी स्कूलमध्ये संशोधक म्हणून पोहोचले. ती शाळा जगभरातले मंत्री आणि प्रशासक घडवते. मराठवाड्याला हा रस्ता अनोळखी राहिलेला नाही, फक्त तो अजून पायवाटेएवढाच आहे.

आणि मुळात हा विषय आपल्याला परका कधी होता? बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण पाठ म्हणतो, पण त्या प्रबंधांचे विषय क्वचित वाचतो. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्ताची उत्क्रांती, रुपयाचा प्रश्न. आजच्या भाषेत हे सगळे सार्वजनिक धोरणच आहे. कोलंबिया विद्यापीठातील लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. ते ग्रंथालय ज्या इमारतीत आहे, त्याच इमारतीत त्या विद्यापीठाची सार्वजनिक धोरणाची शाळा भरते.

होकार आल्यानंतरची वाट

आता वेळापत्रकाकडे येऊ. परदेशातल्या बहुतेक धोरण-शाळांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. निर्णय फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतात. एप्रिल-मेपर्यंत विद्यार्थ्याने "येतो" असे कळवायचे असते आणि अनेक ठिकाणी जागा धरून ठेवण्यासाठी डिपॉझिट भरायचे असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात.

दुसरीकडे आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. जागा 75. गेल्या काही वर्षांचा अनुभव असा की जाहिरात मे-जूनमध्ये येते, मुदतवाढ मिळते, छाननी होते, निवड यादी यायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. म्हणजे विद्यापीठ मार्चमध्ये हो म्हणते आणि सरकार ऑगस्टमध्ये. मधले पाच महिने विद्यार्थी काय करतो?

तो हे करतो. डिपॉझिटसाठी उसने पैसे गोळा करतो. विद्यापीठाला मुदत वाढवून मागणारे ईमेल लिहितो. व्हिसासाठी लागणारा कागद विद्यापीठ देते, पण त्याआधी पैसा कुठून येणार याचा पुरावा मागते. अमेरिकेसाठी आय-20, ब्रिटनसाठी सीएएस. ब्रिटनला स्वखर्चाने जाणाऱ्याला ठरावीक रक्कम सलग 28 दिवस बँक खात्यात दाखवावी लागते. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र हातात असेल तर हा प्रश्न मिटतो. म्हणजे सगळी साखळी एका पत्रावर अडकलेली असते. पत्र नाही तर आय-20 नाही, आय-20 नाही तर व्हिसाची मुलाखत नाही, मुलाखत नाही तर तिकीट नाही. आणि पत्र येते तेव्हा वर्ग सुरू व्हायला पंधरा दिवस उरलेले असतात किंवा वर्ग सुरूही झालेले असतात.

शिवाय कागदपत्रे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला. उत्पन्नाचा दाखला 31 मार्चला संपतो, म्हणजे ऐन निर्णयाच्या दिवसांत नवा काढण्यासाठी तहसीलच्या रांगेत उभे राहायचे. आमच्या ताईला एका कार्यालयात सांगण्यात आले, "आधी ॲडमिशन पक्की करून आणा." विद्यापीठ म्हणते, आधी पैशाचे पक्के करून आणा. दोघांचेही नियम आपापल्या जागी बरोबर असतील. पण दोघांच्या मधल्या फटीत जो सापडतो, तो नेहमी आपलाच मुलगा किंवा मुलगी का असते?

भारतात शिकायचे ठरवले तरी वाट सुटत नाही. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये 2014 पासून सार्वजनिक धोरणाची पदव्युत्तर पदवी आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्था मुंबईत आणि आपल्या मराठवाड्यात तुळजापुरातही आहे. तिथे प्रश्न व्हिसाचा नसून आधी फी कोण भरणार आणि शिष्यवृत्ती कधी जमा होणार, हा असतो. फेब्रुवारी 2018 मध्ये टाटा संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मोठा संप केला, तो याच मुद्द्यावर होता. भारत सरकारच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीच्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणारी फीची सवलत काढून घेतली गेली होती. ही शिष्यवृत्ती 1944 पासून चालू आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते तेव्हापासून. ऐंशी वर्षांनंतरही पैसे वेळेवर मिळावेत म्हणून मुलांना संस्थेच्या फाटकावर बसावे लागते.

40 पत्रे आणि 66 'जर'

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 मध्ये सुरू झाली. आज तिच्या 125 जागा आहेत. त्यातल्या 115 अनुसूचित जातींसाठी, बाकीच्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवे.

जुलै 2025 मध्ये काय झाले ते पाहा. 2025-26 साठी 106 विद्यार्थी निवडले गेले. त्यातल्या 40 जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. उरलेल्या 66 जणांना सांगण्यात आले की निधीच्या उपलब्धतेनुसार तुमची पत्रे दिली जाऊ शकतील. 'दिली जातील' असे नाही, 'दिली जाऊ शकतील'. हा जुलै होता. वर्ग सुरू व्हायला जेमतेम सहा-आठ आठवडे होते. प्रवेश मिळालेला, निवड झालेली, यादीत नाव आलेले आणि तरी हातात 'जर'.

125 जागा म्हणजे सव्वाशे मुले. एवढ्या मोठ्या देशाच्या तिजोरीत सव्वाशे मुलांचा खर्च आधीच बाजूला काढून ठेवणे अवघड आहे, यावर आमचा विश्वास बसत नाही. अवघड असेल ती इच्छा.

याच योजनेत 2022 मध्ये आणखी एक अट आली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताचा सामाजिक अभ्यास असे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले गेले. कारण असे दिले गेले की भारताविषयी शिकायला परदेशात जायची गरज नाही. आता सार्वजनिक धोरणाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहा. आमची ताई तिच्या हेतुपत्रात रोजगार हमीच्या मजुरीविषयी लिहिते. मजुरी कोणाची अडते, हे लिहायचे तर जात लिहावी लागते. मग हा 'धोरणाचा' अभ्यास ठरेल की 'भारताचा सामाजिक अभ्यास'? विद्यापीठाला जे लिहिले ते शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहिताना तिचा हात अडला. जे प्रश्न घेऊन ती निघाली आहे, तेच प्रश्न तिला लपवावे लागतात की काय, अशी ही भीती आहे. मे 1916 मध्ये कोलंबियात बाबासाहेबांनी वाचलेला पहिला गाजलेला निबंध भारतातील जातींवरच होता. आजच्या अटींवर त्या विषयाला शिष्यवृत्ती मिळाली असती का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

राज्याचाही अनुभव वेगळा नाही. 2024 मध्ये राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीसाठी 75 टक्के गुणांची अट पुढे आली. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याने दहावीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, 75 टक्के मिळवलेले नसतील तर ज्या विद्यापीठाने त्याला पारखून घेतले त्याचा निर्णय रद्दबातल. विद्यार्थी संघटनांनी विरोध केला, अट मागे घ्यावी लागली. विजय झालाच. पण तो ऐन प्रवेशाच्या हंगामात मिळाला आणि ज्यांचे दिवस या खेचाखेचीत गेले, त्यांना ते परत मिळाले नाहीत. 2023 मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी 861 संशोधक आझाद मैदानावर उन्हातान्हात बसले होते. त्यात मराठवाड्यातले संशोधक मोठ्या संख्येने होते. शेवटी सगळ्यांना अधिछात्रवृत्ती मिळाली. पण संशोधनाचे महिने मैदानावर गेले ते गेलेच.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की उशीर हीसुद्धा एक चाळणी आहे. कायद्याने कोणाला नाही म्हणता येत नाही, तेव्हा वेळेने नाही म्हटले जाते. कुठल्याही फाइलवर 'नाकारले' असा शेरा नसतो. तरीही जागा रिकाम्या राहतात आणि मग तेच आकडे दाखवून म्हटले जाते की विद्यार्थीच येत नाहीत.

कर्ज काढा, म्हणणाऱ्यांना

"मग शैक्षणिक कर्ज काढा" हा सल्ला सहज दिला जातो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे खरे. पण परदेशातल्या धोरण-शाळेचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो आणि त्यापुढे बँक तारण मागते. आपल्याकडे तारण ठेवायला काय असते? घर. आणि घर कुठे असते? आपल्या शहराच्या कडेला, हर्सूल-जटवाड्याच्या बाजूला काय किंवा इतरत्र काय, हजारो कुटुंबे गुंठेवारीच्या प्लॉटवर राहतात. शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेली जागा, त्यावर हळूहळू उभे केलेले दोन खोल्यांचे घर. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 चा. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात आली. पण नियमितीकरणाचे शुल्क भरून कागद हातात येईपर्यंत बँकेच्या दृष्टीने ते घर जवळपास नसल्यासारखेच. बापाने आयुष्यभराच्या कमाईतून बांधलेले घर मुलीच्या शिक्षणासाठी तारण ठेवता येत नाही, कारण ते कागदावर उभे नाही.

त्यात रुपया. 2024 च्या सुरुवातीला डॉलर 83 रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर 2025 मध्ये त्याने 90 ओलांडले. वर्षाची फी 60,000 डॉलर धरली तर फक्त या घसरणीने ती चार लाखांहून अधिक वाढली. विद्यापीठाने एक पैसा वाढवला नाही, तरी चिकलठाण्यातल्या कंत्राटी कामगाराची एक-दोन वर्षांची कमाई यात गेली. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध का लिहिला, हे अशा वेळी कळते. चलनाच्या दराचा भार शेवटी कोणाच्या डोक्यावर पडतो, हाही त्या प्रश्नाचा भाग होता.

जगाचे दरवाजेही आकसत आहेत. मे 2025 च्या शेवटी अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे थांबवले. जूनमध्ये त्या सुरू झाल्या, पण समाजमाध्यमांवरील खात्यांच्या तपासणीसह. जो मुलगा 14 एप्रिलला, 6 डिसेंबरला मोकळेपणाने लिहितो, त्याच्या मनात आता आपले लिहिणे आडवे येईल का, ही नवी शंका. ब्रिटनने शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याची मुदत दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरवले आहे. अशा वेळी उशिरा आलेले पत्र पूर्वीपेक्षा जास्त महाग पडते, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर वेळ लागतो आणि वेळच आपल्याकडे नसतो.

बाबासाहेबांची तीन वर्षे

आमच्या अभ्यासिकेत या दिवसांत एक गोष्ट वारंवार निघते. 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले. 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. आणि 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडनने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. म्हणजे प्रवेश होता, पैसा नव्हता. आजच्या मुलांची स्थिती नेमकी हीच.

परत जायला जुलै 1920 उजाडला. मधल्या काळात बडोद्यातला अपमान सोसला, सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पगारातून काटकसर करून पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्जाऊ रक्कम दिली. पण ही तीन वर्षे त्यांनी नुसती वाट पाहण्यात घालवली नाहीत. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढले. मार्च 1920 मध्ये माणगावची परिषद झाली. लंडनला परतल्यावर 1921 मध्ये एमएस्सी, 1922 मध्ये बॅरिस्टर, 1923 मध्ये डीएस्सी.

या गोष्टीचे दोन अर्थ निघतात आणि आम्हाला दोन्ही महत्त्वाचे वाटतात. पहिला विद्यार्थ्यांसाठी. थांबलेले वर्ष वाया गेलेले वर्ष नसते. यंदा नाही जमले तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, हे विद्यापीठाला लेखी विचारा. अनेक ठिकाणी तशी सोय असते. प्रतीक्षा यादीत असाल तर नवीन काम, नवा लेख कळवा. तेवढ्या काळात आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याणाचा अर्थसंकल्प वाचून काढा. त्याच्याइतका चांगला वर्ग कुठे नाही.

दुसरा अर्थ समाजासाठी. बाबासाहेबांची तीन वर्षे वाया गेली नाहीत, ती बाबासाहेब होते म्हणून. प्रत्येक मुलीकडून आपण तेवढी अपेक्षा ठेवायची आणि व्यवस्थेला मोकळे सोडायचे, हा न्याय नाही. "बाबासाहेबांनी एवढे सोसले, तू एवढेही सोसू शकत नाहीस?" असे कोणी ताईला म्हणाले तर आमचे उत्तर ठरलेले आहे. बाबासाहेबांनी सोसले ते पुढच्यांना तेच सोसावे लागू नये म्हणून. आणि त्यांच्याही पाठीशी शाहू महाराज होते, भथेना होते. आजच्या मुलांचे भथेना कोण?

काय मागायचे, काय करायचे

धम्म आपल्याला शिकवतो की कारणाशिवाय काही घडत नाही आणि कारण दूर केले की परिणामही दूर होतो. या मुलांच्या दुःखाची कारणे दैवात नाहीत, ती शासन निर्णयांत आहेत. म्हणून मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली, राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात दरवर्षी डिसेंबरमध्ये निघावी आणि निवड यादी 30 एप्रिलपूर्वी लागावी. तारखा शासन निर्णयातच लिहिलेल्या असाव्यात.

दुसरी, निवड होताच सशर्त हमीपत्र द्यावे. प्रवेशाचे अंतिम कागद नंतर येऊ द्यात, पण विद्यापीठाला दाखवायला हातात काहीतरी असावे.

तिसरी, जागा धरून ठेवण्याचे डिपॉझिट सरकारने आगाऊ भरावे आणि पुढे शिष्यवृत्तीत वळते करावे.

चौथी, केंद्राने 125 जागांचा निधी वर्षाच्या सुरुवातीलाच राखून ठेवावा. यादीत नाव आले की पत्र मिळालेच पाहिजे. 2022 ची विषयबंदीही काढावी.

पाचवी, अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस आहे, हे अर्जदाराला पोर्टलवर दिसावे.

या मागण्या सरकारकडे. पण आपणही काही करू शकतो. आयईएलटीएसची फी 18 हजारांच्या घरात, जीआरई 22 हजारांच्या आसपास, त्यावर प्रत्येक विद्यापीठाची अर्ज फी. प्रवेशाआधीच चाळीस-पन्नास हजार जातात. अनेक विद्यापीठे मागितल्यास अर्ज फी माफ करतात, हे आपल्या मुलांना ठाऊकच नसते. वर्ध्याची नालंदा अकादमी, राजू केंद्रे यांची एकलव्य फाउंडेशन यांनी दाखवून दिले आहे की अर्ज कसा लिहायचा हे नीट शिकवले तर आपली मुले जगात कुठेही पोहोचतात. हे प्रत्येक विहाराने आपल्या ताकदीप्रमाणे करावे.

आमच्या अभ्यासिकेने यंदा छोटी सुरुवात केली आहे. जयंतीच्या वर्गणीतला एक भाग डीजेऐवजी 'डिपॉझिट फंड' म्हणून बाजूला काढायचा. विद्यार्थ्याला डिपॉझिटपुरती बिनव्याजी रक्कम द्यायची, शिष्यवृत्ती आली की ती परत येईल आणि पुढच्याच्या कामी येईल. रक्कम मोठी नाही. वर्गणीच्या बैठकीत वादही झाला, "जयंती वर्षातून एकदाच येते" असे काही भाऊ म्हणाले. एका आजीने विचारले, "मग पोरगी वर्षातून किती वेळा जाणार आहे?" त्यानंतर ठराव झाला.

हा लेख लिहून होत असताना ताईच्या चारपैकी दोन ठिकाणचे निर्णय आले आहेत. एक नकार, एक प्रतीक्षा यादी. दोन बाकी आहेत. नकार आला त्या दिवशी ती अभ्यासिकेत आली नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि उत्पन्नाच्या नव्या दाखल्याचा अर्ज भरायला बसली. बाकीच्या दोन ठिकाणी काय होईल ते तिच्या आणि विद्यापीठांच्या हाती. पण त्यापैकी एकाने हो म्हटले तर त्यानंतरचे पाच महिने तिने एकटीने काढायचे की आपण सगळ्यांनी मिळून, हे आपल्या हाती आहे.

आपल्या वस्तीत, आपल्या विहारात अशी वाट पाहणारी एखादी ताई किंवा दादा असेलच. त्याला "आलं का काही?" विचारण्याऐवजी या वेळी "काय कमी पडतंय?" असे विचारून बघा.

जय भीम. नमो बुद्धाय.